जड स्टिअरिंग : पिकअप ट्रकच्या एका दुखण्याचा इतिहास

एखादा जुना पिकअप ट्रक इंजिन बंद ठेवून उभा असताना त्याचे स्टिअरिंग फिरवून पाहावे. दोन्ही हातांचा जोर लावूनही ते जेमतेम हलते. मग इंजिन सुरू करावे. तेच स्टिअरिंग आता एका हाताने फिरते. या दोन अवस्थांमधले अंतर मोटारींच्या इतिहासात ओलांडायला पंचवीस वर्षे लागली. १९२६ मध्ये एका अभियंत्याने ते ओलांडून दाखवले आणि सामान्य ग्राहकाला ती सोय विकत घेता येण्यासाठी १९५१ साल उजाडावे लागले.

चालत्या गाडीचे स्टिअरिंग अचानक जड झाले, तर मेकॅनिक त्याचे कारण शोधताना नेमके काय करतो? तो एकेक थर बाजूला काढत जातो. हे थर वेगवेगळ्या शतकांत एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणून आधी ते कसे चढले ते पाहू आणि मग मेकॅनिकच्या मागोमाग उलट्या दिशेने उतरू.

मुळात चाक वळवायला जोर का लागतो? दोन चाकांच्या बैलगाडीत हा प्रश्नच नाही, तिथे बैल वळले की गाडी वळते. चारचाकी घोडागाडीत मात्र पुढचा संपूर्ण आस मध्यावरच्या एका खिळीभोवती फिरत असे. वळताना गाडी उलटण्याचा धोका असे आणि पुढच्या चाकांना फिरण्यासाठी पुष्कळ जागा सोडावी लागे. म्युनिकचा गाडीकारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने १८१६-१७ च्या सुमारास वेगळा मार्ग काढला. आस जागीच राहील आणि त्याच्या दोन टोकांना प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळेल, अशी ही रचना होती. लंडनमध्ये तिचे पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ अकरमन याने त्याच्या वतीने घेतले आणि जगाने नाव लक्षात ठेवले ते अकरमनचेच. आजही अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘अकरमन भूमिती’ शिकतात. कारागिराच्या नावाची मात्र फारशी आठवण निघत नाही.

चाकाची ती खिळी म्हणजेच पुढे गॅरेजच्या भाषेत रूढ झालेला किंगपिन. नव्या गाड्यांत तिची जागा बॉल जॉइंटनी घेतली. गाडीच्या पुढच्या भागाचे सारे वजन या सांध्यांवर येते आणि वळताना त्या वजनाखालीच त्यांना फिरावे लागते. त्यांतले ग्रीस सुकले की धातू धातूवर घासतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या रचनेचे हे दुखणे अजूनही तसेच आहे.

दुसरा थर टायरचा. धावती गाडी वळवायला तुलनेने कमी जोर लागतो, कारण चाक फिरता फिरता वळते. उभ्या गाडीत रबराचा जमिनीला टेकलेला पट्टा जागच्या जागी घासत पिळावा लागतो. हा पट्टा जितका मोठा आणि त्यावरचे वजन जितके जास्त, तितका जोर जास्त. १९२३ मध्ये फायरस्टोन कंपनीने कमी दाबाचे, फुगीर ‘बलून’ टायर आणले. खडबडीत रस्त्यावर प्रवाशांना आराम मिळाला, चालकाच्या वाट्याला मात्र अधिक जड स्टिअरिंग आले. मोटारींच्या इतिहासात अशी देवाणघेवाण वारंवार दिसते आणि तिची किंमत कोणी मोजली हे पाहणे बहुधा उद्बोधक ठरते.

याच काळात पिकअप ट्रक जन्माला आला. त्याआधी शेतकरी आणि दुकानदार मोटार विकत घेऊन तिच्या मागे सुताराकडून फळ्यांची हौदासारखी पेटी बसवून घेत. १९२५ च्या एप्रिलमध्ये फोर्डने मॉडेल-टी गाडी कारखान्यातच मालाच्या पेटीसह विकायला काढली. किंमत होती २८१ डॉलर. तिच्या स्टिअरिंगच्या चाकाखालीच छोटे दंतचक्र होते आणि तेवढाच काय तो चालकाला आधार. पेटीत माल भरला की वजन बरेचसे मागच्या चाकांवर जाई. परंतु पिकअपची पुढे जी वाढ झाली त्यात इंजिन मोठे झाले, बांधणी दणकट झाली आणि पुढच्या चाकांवरचा भार वाढत गेला.

यंत्राची मदत नसताना जोर कमी करण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे तरफेचा. स्टिअरिंगचे चाक मोठे करा आणि मधल्या गिअरपेटीत असे प्रमाण ठेवा की चालकाने चाकाचे अनेक वेढे फिरवले तर रस्त्यावरचे चाक थोडेसे वळेल. जोर कमी लागतो, पण वेढे वाढतात. अरुंद जागेत अवजड ट्रक वळवणाऱ्या चालकाचे हात आणि खांदे दिवसभर हेच करत राहत. शिवाय रस्त्यावरचा दगड किंवा खड्डा चाकाला बसला की त्याचा हिसका उलट मार्गाने थेट हातांपर्यंत येई. जुन्या चालकांना अंगठा स्टिअरिंगच्या आऱ्यांमध्ये न अडकवण्याची शिकवण असे, ती याच कारणाने. हिसक्यासरशी फिरलेल्या आऱ्याने अंगठा मोडू शकत असे.

हा हिसका अडवणारी पेटी बनवणे हा म्हणून त्या काळातला मोठा उद्योग होता. अमेरिकेतील इंडियाना राज्यात लाफायेट गावी डेव्हिड रॉस याने १९०६ मध्ये रॉस गिअर अँड टूल कंपनी काढली. मळसूत्रासारखी खाच पाडलेला दांडा आणि त्या खाचेत सरकणारा खुंटा, अशी तिची पेटी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये रॉसचीच पेटी होती. युद्धानंतर महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा हे घराणे महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही आले. जुन्या जीपचे स्टिअरिंग जड का, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा त्या पेटीतही नसे. पुढच्या बाजूला बेल क्रँक नावाचा एक वाकडा सांधा असे. तो ग्रीसविना सुकला की सारी यंत्रणा आखडे.

आता मदतीचा थर. तो मोटारीत येण्याआधी समुद्रावर आला होता. १८५८ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे अवाढव्य जहाज. त्याचे सुकाणू फिरवणे हे माणसांच्या बळाची परीक्षा पाहणारे काम होते. जॉन मॅकफार्लेन ग्रे या अभियंत्याने १८६६ मध्ये पेटंट घेतलेले वाफेचे सुकाणूयंत्र या जहाजावर बसवले गेले. त्यातली खुबी केवळ वाफेच्या बळात नव्हती. खलाशी चाक जेवढे फिरवील तेवढीच झडप उघडायची, वाफ सुकाणू हलवायची आणि सुकाणू हलता हलता तीच हालचाल झडप पुन्हा बंद करायची. परिणामी यंत्र माणसाच्या इच्छेइतकेच हले आणि तिथे थांबे. हेच ‘ग्रेट ईस्टर्न’ १८७० च्या आरंभी मुंबई ते एडन समुद्री तार टाकण्यासाठी मुंबई बंदरात येऊन उभे होते. ते पाहायला गेलेल्या मुंबईकरांचे कुतूहल साहजिकच जहाजाच्या आकाराविषयी असणार. त्याच्या पोटात बसवलेले यंत्र पुढच्या शतकातल्या प्रत्येक पॉवर स्टिअरिंगचे पूर्वज आहे, हे तेव्हा कोणाला कळण्याचे कारणही नव्हते.

जमिनीवर ही कल्पना उतरायला वेळ लागला. १९०३ च्या सुमारास कोलंबिया कंपनीच्या पाच टनी ट्रकांत पुढची चाके वळवायला स्वतंत्र विजेची मोटर बसवण्यात आली होती, पण ती वाट पुढे फारशी रुळली नाही. पेच असा होता की मदत हवी तेव्हाच, हवी तेवढीच मिळावी आणि यंत्र बिघडले तरी गाडी हातांनी वळवता यावी.

हा पेच सोडवला फ्रान्सिस डेव्हिस याने. हार्वर्डमधून १९१० मध्ये पदवी घेऊन तो बफेलो येथील पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात अभियंता म्हणून काम करू लागला. पहिल्या महायुद्धात या कंपनीचे अवजड ट्रक ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यांकडे गेले. असे ट्रक वळवताना चालकांची किती दमछाक होते, हे डेव्हिसला जवळून ठाऊक होते. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्याने नोकरी सोडली. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम गावी एक छोटे वर्कशॉप भाड्याने घेतले आणि जॉर्ज जेसप या कुशल हत्यारकारागिराला सोबत घेऊन काम सुरू केले.

तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे त्या काळी नवी नव्हती. कारखान्यांतल्या दाबयंत्रांत तेल सतत दाबाखाली ठेवत आणि काम करायच्या वेळी झडप उघडत. डेव्हिसने ही रीत उलटवली. त्याच्या रचनेत झडप एरवी उघडीच असते. इंजिनावर चालणारा पंप तेल नुसता गोल फिरवत राहतो, दाब जवळजवळ नसतोच. चालकाने चाक फिरवले की झडपेची एक बाजू आकुंचन पावते, तेलाची वाट अरुंद होते, दाब चढतो आणि तो दट्ट्याला त्या दिशेला ढकलतो. चाक सोडले की वाट पुन्हा मोकळी. सतत दाब धरून ठेवायचा नसल्याने गळती कमी आणि इंजिनावरचा भारही कमी. शिवाय पंप बंद पडला तरी चाक आणि रस्ता यांच्यातला लोखंडी दुवा अखंड राहतो. ही शेवटची गोष्ट आपल्या मूळ प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. डेव्हिसची मदत जुन्या यंत्रणेच्या जागी आली नाही, ती जुन्या यंत्रणेच्या वर चढली.

ऑक्टोबर १९२६ मध्ये त्याने आपल्या १९२१ च्या पिअर्स-ॲरो गाडीवर ही यंत्रणा बसवून ती डेट्रॉइटला नेली आणि बड्या कंपन्यांना प्रात्यक्षिक दाखवले. जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला. काही वर्षे काम झाले. मग महामंदी आली. १९३४ पर्यंत हिशेब असा निघाला की कॅडिलॅकसारख्या महागड्या गाडीतही ही सोय परवडणार नाही. योजना गुंडाळली गेली. डेव्हिस बेंडिक्स कंपनीकडे वळला, परंतु तिथेही दशक संपेपर्यंत मोजक्याच गाड्यांवर यंत्रणा बसली.

कोंडी फोडली ती दुसऱ्या महायुद्धाने. चिलखती गाड्या आणि बिघडलेले रणगाडे ओढून आणणारी वाहने इतकी जड होती की त्यांचे स्टिअरिंग हातांनी हाताळणे युद्धात जिवावर बेतणारे ठरले असते. ब्रिटिश सैन्यासाठी बनलेल्या शेव्हरोलेच्या चिलखती गाड्यांत डेव्हिसची यंत्रणा बसली. शांततेच्या काळात जी सोय महाग वाटत होती, तिच्या किमतीची चर्चा युद्धात कोणी केली नाही.

युद्धानंतरचा प्रसंग थोडा कटू आहे. अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत सतरा वर्षांची होती. १९५१ मध्ये क्रायस्लरने आपल्या इंपीरियल गाडीत ‘हायड्रागाइड’ नावाने पॉवर स्टिअरिंग आणले. सर्वसामान्य बाजारात मिळणारे हे पहिले पॉवर स्टिअरिंग आणि ते डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे बनले होते. ते पाहताच जनरल मोटर्सला जाग आली आणि त्या कंपनीने पुन्हा डेव्हिसचे काम हाताशी घेऊन १९५२ च्या कॅडिलॅकमध्ये ते दिले. ट्रकचालकांचे कष्ट पाहून सुचलेली युक्ती बाजारात प्रथम मिळाली ती आलिशान गाड्यांत बसणाऱ्यांना. पिकअप चालवणाऱ्या शेतकऱ्याला तिची वाट पुढेही पाहावी लागली आणि बराच काळ ती ज्यादा पैसे मोजून घेण्याची गोष्ट राहिली.

एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. मदत आली म्हणून गाडीची रचना मोकळी सुटली. टायर रुंद झाले, इंजिने जड झाली, स्टिअरिंगचे वेढे कमी करण्यात आले. वळल्यावर चाके आपोआप सरळ व्हावीत म्हणून पुढच्या खिळीला मागे कल देतात, त्याला कॅस्टर म्हणतात. हा कल वाढवला की गाडी सरळ धावते पण स्टिअरिंग जड होते. त्यामुळे कंपन्या हातांनी वळवायच्या गाडीला कमी आणि पॉवर स्टिअरिंगच्या गाडीला जास्त कॅस्टर देऊ लागल्या. म्हणजे मदतीखालचे मूळ ओझे दरम्यान वाढत गेले होते. पंप बंद पडलेला आधुनिक पिकअप चालकाला १९२५ मध्ये नेऊन सोडतो, असे म्हणणे अपुरे आहे. १९२५ च्या चालकाच्या हाती याहून पुष्कळ हलके स्टिअरिंग होते.

आता मेकॅनिकच्या मागून चालू. तो सुरुवात सर्वांत वरच्या आणि सर्वांत स्वस्त थरापासून करतो. टायरमधली हवा कमी असेल तर दुसरे काही शोधण्यात अर्थ नाही. मग तेलाची टाकी. तेल कमी असेल तर ते कुठेतरी गळत असणार, फेसाळले असेल तर त्यात हवा शिरली आहे. पंप फिरवणारा बेल्ट ढिला असेल, तर उभ्या गाडीत चाक वळवताना तो किंचाळतो. जुन्या अनेक अमेरिकी पिकअपांत स्वयंचलित गिअरपेटीचेच तेल वापरत, नव्यांत वेगळे लागते. चुकीचे तेल भरले तर रबरी सील खराब होतात, तेव्हा पुस्तिकेतच पाहिलेले बरे.

लक्षणे पुष्कळ सांगतात. इंजिन मंद असताना जड आणि वेग वाढवला की हलके, तर संशय पंपावर किंवा बेल्टवर. एकाच दिशेला जड, तर डेव्हिसच्या त्या झडपेवर किंवा पेटीतल्या सीलवर. मात्र वळणानंतर चाके आपणहून सरळ होत नसतील, तर दोष मदतीत नसून खालच्या लोखंडात आहे, अशी शक्यता बळावते. आणि एका फेऱ्यात ठरावीक दोन जागी जड, मध्ये हलके, असे होत असेल, तर मेकॅनिकची नजर स्टिअरिंगच्या दांड्याकडे जाते.

या दांड्याची कथा वेगळी आहे. जुन्या गाड्यांत स्टिअरिंगपासून पेटीपर्यंत एकच सरळ दांडा असे आणि समोरून धडक बसली की तो चालकाच्या छातीत घुसे. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत केंद्रीय नियमांनी आघात सोसून दबणारा स्टिअरिंगचा खांब सक्तीचा केला. आजच्या पिकअपांत दांडा तुकड्यांचा असतो आणि तुकड्यांना जोडणारा सांधा सतराव्या शतकात रॉबर्ट हूक याने अभ्यासलेल्या जातीचा. इंजिनाच्या उष्णतेत आणि चिखलपाण्यात हा सांधा गंजून आखडला की फेऱ्यात दोनदा अडतो. अनेक मालक पंप बदलतात, मग पेटी बदलतात आणि दोष निघतो तो या छोट्या सांध्यात.

तरीही कारण सापडले नाही, तर मेकॅनिक इतिहासाचे वरचे थर एकदम बाजूला करतो. मागच्या चाकांना अडसर लावून गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलतो, भक्कम स्टँडवर ठेवतो आणि इंजिन बंद करतो. आता जमीन नाही, टायरचे घासणे नाही, पंपाचा दाब नाही. पेटीतले तेल इकडून तिकडे ढकलले जात असल्याने थोडा विरोध राहतो, तेवढा सोडला तर चाक सहज फिरले पाहिजे. सहज फिरले तर सांधे निरोगी आहेत आणि दोष मदतीत किंवा टायरमध्ये आहे. जड लागले तर मदतीला दोष देता येत नाही.

मग पेटीच्या खालचा पिटमन आर्म आणि ड्रॅग लिंक यांचा सांधा सोडवतात. वर स्टिअरिंग अजूनही जड असेल तर दोष दांड्यात किंवा पेटीत. ते हलके झाले आणि खाली चाके हातांनी वळवताना अडत असतील, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. म्हणजे शोध उतरत उतरत लांकेनश्पेर्गरच्या खिळीपाशी पोहोचतो. ग्रीस भरण्याची सोय असेल तर ते भरून पाहतात, सांधा झिजला किंवा गंजला असेल तर तो बदलतात आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घेतात.

पेटीच्या बाबतीत एक चूक हमखास घडते. सॅगिनॉ विभागाने १९४० च्या सुमारास आणलेल्या, पोलादी गोळ्यांवर फिरणाऱ्या पेटीचे घराणे पिकअपांत दशकानुदशके टिकले. या पेटीच्या डोक्यावर एक जुळवणीचा स्क्रू असतो. जुन्या गाडीचे स्टिअरिंग ढिले वाटू लागले की लोक तो आवळतात. ढिलाई बहुधा दुसऱ्याच झिजलेल्या सांध्यात असते, त्यामुळे ती जात नाही. आवळलेली पेटी मात्र मधोमध आखडते आणि हायवेवर चाक सरळ होईनासे होते. अशा गाडीत पहिला प्रश्न ‘आधी कोणी काय दुरुस्त केले?’ हाच असायला हवा. जड स्टिअरिंगचे कारण कधी कधी आधीच्या दुरुस्तीतच सापडते.

दरम्यान डेव्हिसचे तेलही मागे पडत चालले आहे. १९८८ मध्ये सुझुकीने जपानमध्ये सर्व्हो या छोट्या गाडीला विजेच्या मोटरचे स्टिअरिंग दिले आणि २०११ च्या फोर्ड एफ-१५० पर्यंत ते मोठ्या पिकअपातही पोहोचले. १९०३ च्या ट्रकांतली सोडून दिलेली वाट अशी पुन्हा वापरात आली. अशा गाडीत तेलाची टाकी नाही, बेल्ट नाही, गळणारा पाइप नाही. मेकॅनिक संगणक जोडून दोषाचा क्रमांक वाचतो, बॅटरीचा दाब तपासतो. दोषाचा क्रमांक मिळाला नाही, तर तोही पुढचा भाग जॅकवर घेतो आणि चाक हाताने वळवून पाहतो.